ओढ्यातले दात

मराठवाड्यातला ओढा वर्षाचे आठ महिने कोरडा असतो. पाणी असते तोवर साऱ्या गावाचे त्याच्याकडे लक्ष असते. पाणी आटले की तो गुरांची वाट होतो, कुणाची वाळू भरण्याची जागा होतो, आणि उरलेल्या वेळी कुणाचाच नसतो. माझ्या पाहण्याचा हंगाम नेमका तेव्हा सुरू होतो. गेली वीस-बावीस वर्षे सुट्टीच्या दिवशी सकाळी मी ओढ्याने चालते. खाली मान घालून चालणाऱ्या बाईला ‘काही हरवलंय का?’ असे विचारणारे भेटतातच. त्यांना खरे उत्तर देणे अवघड जाते. फार जुन्या काळी मेलेल्या जनावरांचे दात आणि हाडांचे तुकडे कधीकधी ओढ्याच्या काठातून डोकावतात, पावसाने सुटून खाली पडतात, ते मी पाहत असते, असे सांगितले की समोरचा माणूस थोडा वेळ माझ्याकडे पाहतो आणि आपल्या कामाला लागतो.

जालना जिल्ह्याच्या जाफराबाद तालुक्यातले टेंभुर्णी हे माझे माहेर. महाराष्ट्रात या नावाची गावे अनेक आहेत. सोलापूर जिल्ह्यातली महामार्गावरची टेंभुर्णी जास्त लोकांना ठाऊक असते, त्यामुळे आम्हांला गावाच्या नावामागे जिल्ह्याचे नाव जोडावे लागते. ज्या झाडावरून हे नाव पडले, ते टेंभुर्णीचे झाड आता शिवारात हिंडून शोधावे लागते. आमच्या भागातून जीवरेखा नदी वाहते. अकोलादेव येथे तिच्यावर धरण आहे. लहानमोठे ओढे, नाले आणि नद्या यांचे पाणी पूर्णेत जाते आणि पूर्णेचे गोदावरीत. मला जवळच्याच गावी शाळेत शिक्षिकेची नोकरी मिळाली, त्यामुळे माहेरचा ओढा सुटला नाही.

ओढ्यातल्या रंगांची ओळख मला आईने करून दिली. धुणे धुवायला ती ओढ्यावर जाई आणि परतताना पदराच्या गाठीत दोन-चार खडे असत. आमचा सारा प्रदेश काळ्या पाषाणाचा. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, पुढे त्या पोकळ्यांत खनिजांचे पाणी झिरपत राहिले आणि गारगोटी, अकीक, जास्पर असे रंगीत दगड घडले. भोवतीचा खडक झिजला की हे कठीण खडे मोकळे होऊन ओढ्यात येतात. कुणी दुधी, कुणी मधाच्या रंगाचे, कुणी कुंकवासारखे लाल, कुणी हिरवट. ज्या दगडाच्या पोकळ्या रिकाम्याच राहिल्या, तो जाळीदार दगड म्हणजे आपली पाय घासायची वज्री. आईला यातले भूशास्त्र ठाऊक नव्हते. पण कोणता खडा ओला असताना खुलतो आणि वाळल्यावर फिका पडतो, हे तिला अचूक कळे. ‘ओल्या दगडाच्या रंगावर भाळू नये,’ असे ती म्हणे.

आमच्या गोठ्याच्या कोनाड्यात एक वस्तू मात्र या खड्यांपेक्षा वेगळी होती. अंगठ्याएवढी, निळसर काळी, हातात घेतली की आकाराच्या मानाने जड वाटणारी. तिच्या माथ्यावर वळ्यावळ्यांची नक्षी होती. आजी तिला राक्षसाचा दात म्हणे. तो घरात ठेवायचा नाही, पण टाकायचाही नाही, कारण त्याने गुरांना दृष्ट लागत नाही, असा तिचा समज होता. आजीची ही कल्पना एकटीची नव्हती. चौदाव्या शतकात फिरोजशाह तुघलकाच्या काळी कालव्याच्या खोदकामात प्रचंड हाडे निघाली आणि त्यांतली काही माणसांची मानली गेली, असे फिरिश्ताच्या इतिहासात आलेले आहे. मोठे हाड दिसले की त्याला शोभेल असा मोठा देह माणूस कल्पनेने उभा करतो, आणि तो देह बहुधा त्याने ऐकलेल्या कथांतून येतो. आजीजवळ बकासुराची कथा होती.

पुढे वाचनातून कळले की तो दात एखाद्या रवंथ करणाऱ्या जनावराचा असावा. अशा जनावरांच्या दाढांच्या माथ्यावर अर्धचंद्रासारख्या कडा असतात. गवत चिरडायला त्या उपयोगी पडतात. पण तो किती जुना, याचे उत्तर मिळाले नाही आणि कधी मिळणारही नाही. कारण तो नेमका कुठून आला, हे घरात कुणालाच सांगता येत नव्हते. आजीच्या सासऱ्यांनी आणला, एवढेच तिला माहीत होते. कुठल्या ओढ्यातून, कुठल्या वळणावरून, कुठल्या मातीतून, हे सारे त्यांच्याबरोबर गेले. त्या दातावरचा निळसर काळा रंग तेवढा उरला होता. मला वाटे, इतका गडद रंग म्हणजे फार जुना असणार. हे गणित इतके सोपे नसते, हे समजायला रंग मुळात कुठून येतो ते समजून घ्यावे लागले.

जिवंत हाड दोन गोष्टींचे बनलेले असते. वजनाने सुमारे दोन तृतीयांश भाग खनिजाचा, म्हणजे मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फेट यांचा. उरलेल्या भागात बहुतांश प्रथिने आणि थोडे पाणी. प्राणी मेला की प्रथिने कुजतात आणि हाड आतून पोकळ, सच्छिद्र होते. बहुतेक हाडे उघड्यावर पडून काही वर्षांत भुगा होतात. एखादेच हाड पुराच्या गाळाखाली लवकर झाकले जाते आणि टिकते. मग जमिनीतले पाणी त्याच्या छिद्रांतून शेकडो, हजारो वर्षे झिरपत राहते. त्या पाण्यात लोह असेल तर हाड पिवळे, तांबूस किंवा तपकिरी होते; मँगनीज असेल तर काळे, कधी निळसर झाक असलेले. दाताचे वरचे कवच, ज्याला आपण इनॅमल म्हणतो, ते जवळजवळ सगळेच खनिजाचे असते. शरीरातला तो सर्वांत कठीण पदार्थ. म्हणून सबंध सांगाडा नाहीसा झाला तरी दात उरतात, आणि म्हणून ओढ्यात शोधणाऱ्याच्या हाती हाडांपेक्षा दात जास्त चांगल्या स्थितीत लागतात. एकाच दाताचे कवच काळे, मूळ गंजलेल्या लोखंडासारखे आणि भेगांत चुनखडीची पांढरी रेघ, असेही दिसते.

या रंगांनी माणसाला वेळोवेळी भुलवले आहे. मध्ययुगीन फ्रान्समध्ये चर्चमधील मौल्यवान वस्तूंवर आकाशी रंगाचे खडे जडवत. लोक त्यांना पिरोजा समजत. त्यांतले काही खडे प्रत्यक्षात हत्तीसारख्या एका नामशेष प्राण्याचे जीवाश्म झालेले दात होते. जमिनीत त्यांत मँगनीज मुरले होते आणि भट्टीत तापवल्यावर ते निळे झाले होते. म्हणजे रंगाचे निम्मे काम मातीने केले आणि निम्मे कारागिराने.

दुसरी गोष्ट फसवणुकीची आहे. इंग्लंडमध्ये ससेक्स परगण्यातल्या पिल्टडाउन येथे रस्त्यासाठी खडी काढण्याच्या एका खाणीतून कवटीचे तुकडे आणि जबडा मिळाल्याचे १९१२ साली जाहीर झाले. तुकडे गडद तपकिरी होते, खाणीतल्या खडीच्या रंगाशी जुळणारे. आद्य इंग्रज मानव सापडला, असे मोठमोठ्या विद्वानांनी मानले. या हाडांत फ्लोरिन किती मुरले आहे, याची तपासणी १९४९ मध्ये झाली, कारण जमिनीतल्या पाण्यातून फ्लोरिन हाडात हळूहळू साठत जाते. ती हाडे मानली होती तेवढी जुनी नव्हती. अखेर १९५३ मध्ये उघड झाले की कवटी माणसाची होती, जबडा ओरांगउटानचा होता, आणि दोन्ही रसायनांनी रंगवलेले होते. चाळीसहून अधिक वर्षे ती लबाडी टिकली, त्यात त्या तपकिरी रंगाचा मोठा वाटा होता. हाडाचा रंग वय सांगत नाही. तो सांगतो माती; हे हाड कोणत्या पाण्यात आणि कोणत्या गाळात पडून होते, ते. आईने ओल्या दगडाबद्दल सांगितले होते, त्याच्या जवळचेच हे ज्ञान म्हणायचे.

मग प्रश्न उरतो तो आमच्या मातीचा. मराठवाड्यातल्या ओढ्यात जुनी हाडे असावीत तरी कशी? सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर येथे पसरले. वितळलेल्या खडकात हाड टिकत नाही. डायनोसॉरची हाडे पाहायची तर आपल्याला विदर्भात जावे लागते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुरा या गावाच्या शेतांत लाव्हाखालचे जुने गाळाचे थर उघडे पडले आहेत. नागपूरचे मिशनरी आणि हौशी भूशास्त्रज्ञ स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तेथील हाडांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. पिसदुऱ्यात हाडांबरोबर दगड झालेली विष्ठाही मिळते. तिचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर गवताच्या पेशींत तयार होणारे सिलिकाचे कण सापडले आणि २००५ मध्ये त्याविषयीचा निबंध ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. डायनोसॉरच्या काळी गवत होते, हे जगाला कळले ते विदर्भातल्या एका शिवारातल्या शेणावरून. गोवऱ्या थापून वाढलेल्या माझ्यासारखीला ही बातमी वाचून फार समाधान वाटले.

आमच्याकडचे दात इतके जुने नसतात. लाव्हा थंड झाला, त्याचे डोंगर झिजले, नद्यांनी खोरी कोरली आणि पुढे त्याच खोऱ्यांत गाळ साठवला. गोदावरी, मांजरा, प्रवरा, घोड अशा नद्यांच्या काठी हा जुना गाळ उंच दरडींच्या रूपात उभा दिसतो. त्यात गेल्या काही लाख वर्षांतल्या, म्हणजे हिमयुगाच्या काळातल्या प्राण्यांचे अवशेष मिळतात. पैठणजवळच्या मुंगी गावी गोदावरीच्या अशा हाडे असलेल्या गाळात भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याच्या वाइन या अधिकाऱ्याला १८६० च्या दशकात अकीकाचा एक छिलका मिळाला, माणसाने घडवलेला. हाडे आणि हत्यार एकाच थरात होती, म्हणून त्या छिलक्याला महत्त्व आले. आज पाणपक्ष्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या नांदूर मधमेश्वर येथे गोदावरीच्या गाळात प्रचंड हत्तीचे अवशेष मिळाले. पिलग्रिम यांनी १९०५ मध्ये त्यांच्यावर लिहिले. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधील अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या नद्या पायी पालथ्या घातल्या. हसमुख सांकलिया यांनी नेवासे येथे प्रवरेच्या काठी अश्मयुगाचा शोध घेतला, आणि जी. एल. बदाम यांनी भारतातील हिमयुगीन प्राण्यांवर १९७९ मध्ये ग्रंथ लिहिला.

या साऱ्यांत मला सर्वांत जवळचा वाटतो तो मांजरेचा पाणघोडा. लातूर जिल्ह्यात मांजरेच्या गाळात हत्ती, रानबैल यांच्या जोडीला पाणघोड्याची हाडे आणि दात मिळाले आहेत. पाणघोडा दिवसाचा बराच वेळ पाण्यात काढतो. त्याला बारमाही डोह लागतो. म्हणजे एके काळी मांजरेत असे डोह होते. एप्रिल २०१६ मध्ये त्याच लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीच्या दहा डब्यांत पाच लाख लिटर पाणी होते. वर्तमानपत्रातले ते छायाचित्र पाहताना मला सतत तो पाणघोडा आठवत होता. भारतातून पाणघोडा नाहीसा झाला त्याचा संबंध पाण्याच्या स्थितीतल्या टोकाच्या बदलांशी असावा, असे अभ्यासक मांडतात. आमच्या भागाचा दुष्काळ आम्ही पिढ्यांनी मोजतो. आजी बहात्तरचा सांगे, आम्ही २०१२-१३ चा सांगतो. हाडे त्याच हकिगतीची फार आधीची पाने आहेत.

अजिंठ्याच्या डोंगररांगेपलीकडे, चाळीसगाव तालुक्यात पाटणे येथे एस. ए. साळी यांच्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि नक्षी कोरलेला एक तुकडा मिळाला. तो काळ सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीचा मानला जातो. शहामृग खानदेशात, पाणघोडा लातुरात. आणि त्यांच्याबरोबर माणूसही, अकीक फोडणारा, मणी ओवणारा. आईच्या पदरातले रंगीत खडे आणि त्या माणसाने निवडलेले दगड यांत फरक फारसा नसेल.

आमच्या ओढ्याच्या काठाचे थर मला शिकवले ते विहिरी खोदणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांनी. त्यांना सगळे बाबा म्हणत. अंतर ते परसांत मोजत. ‘आधी काळी, मग पिवळी, पिवळीत चुनखडी, तिच्याखाली गोट्यांचा थर, मग मुरूम, मग मांजऱ्या आणि शेवटी पाषाण. पाणी मांजऱ्यात नाहीतर पाषाणाच्या भेगेत,’ असे ते सांगत. त्यांच्या लेखी गोट्यांचा थर निरुपयोगी होता. कुदळ उडवणारा आणि पाणी न देणारा. माझ्या लेखी तोच सगळ्यात मोलाचा. जुन्या प्रवाहाने वाहून आणलेले गोटे, वाळू आणि चुना यांनी सिमेंटसारखा घट्ट झालेला तो थर म्हणजे ओढ्याचे जुने पात्र. पूर्वी कधी येथे पूर आला असेल आणि जनावर वाहून आले असेल, तर त्याचे दात तिथेच अडकणार.

एका वर्षी मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर आमच्या शेताच्या बांधाला लागून असलेली काठाची दरड सुटली होती. गोट्यांच्या थरात एक दात अर्धा बाहेर आलेला दिसला. कवच काळे, मूळ तांबूस, भेगेत चुन्याची रेघ. हात शिवशिवले. पण आजीचा दात डोळ्यांसमोर होता. मी तो जागचा काढला नाही. कंपासपेटीतली पट्टी शेजारी ठेवून छायाचित्रे काढली. दरडीच्या माथ्यापासून तो किती खाली आहे ते मोजपट्टीने मोजले. वर कोणते थर, खाली कोणते, ते वहीत उतरवले. बांधावरच्या बाभळीपासूनचे अंतर आणि मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश लिहिले. भूशास्त्र शिकवणारे एक परिचित प्राध्यापक चार दिवसांनी आले. त्यांनी तो दात काढण्याआधी माझी वही मागितली. दात बैलवर्गातल्या जनावराचा आहे, एवढेच त्यांनी खात्रीने सांगितले. वय विचारले तेव्हा म्हणाले, ‘थराची तपासणी झाल्याखेरीज बोलणे बरोबर नाही. पण तपासणी होऊ शकते. कारण थर कोणता ते तुम्हांला ठाऊक आहे.’ आमच्या गोठ्यातल्या दाताबद्दल असे वाक्य कुणालाही बोलता आले नसते.

पुढच्याच उन्हाळ्यात ओढ्याचे खोलीकरण ठरले. राज्यात जलयुक्त शिवार अभियान सुरू होऊन काही वर्षे झाली होती आणि गावोगावी नाले रुंद व खोल होत होते. या ठिकाणी माझ्या छंदाची बाजू घेऊन यंत्राला नावे ठेवणे सोपे आहे. मला ते करता येत नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात माझ्या भावाने टँकरच्या पाण्यावर मोसंबीची बाग जगवण्याचा प्रयत्न केला आणि उन्हाळ्याच्या शेवटी चौदा वर्षांची झाडे स्वतःच्या हाताने तोडली. त्या दिवशी त्याने जेवण केले नाही. खोलीकरणाची बातमी सांगताना तो म्हणाला, ‘अक्का, तुझे दात हजार वर्षं थांबले. माझी विहीर थांबणार नाही.’ यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते, आणि आजही नाही. आई बहात्तरच्या दुष्काळात पाझर तलावाच्या कामावर मातीची पाटी वाहत होती. तिच्या पाटीतून कितीतरी हाडे गेली असतील. त्या पाटीमुळे आमचे घर जगले, हे त्याहून मोठे आहे.

मी भावाकडे दोन गोष्टी मागितल्या. बाभळीजवळचा पंधरा फूट काठ तसाच राहू द्यावा, आणि यंत्र चालवणाऱ्या मुलाशी मला एकदा बोलू द्यावे. पहिली गोष्ट त्याने लगेच मान्य केली. त्या जागी बाभळीच्या मुळांनी बांध धरला होता, तो तुटावा असे त्यालाही वाटत नव्हते. यंत्र चालवणारा मुलगा बावीस-तेवीस वर्षांचा, परजिल्ह्यातला. मी त्याला वहीतली चित्रे दाखवली, दगड झालेले हाड कसे जड असते आणि दगडावर ठोकले तर कसा खणखणीत आवाज येतो, ते सांगितले. ताज्या हाडाचा कण जळत्या काडीवर धरला तर केस जळल्याचा वास येतो, हेही सांगितले. त्याने मन लावून ऐकले. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने जेवणाच्या डब्यात चार हाडे जपून आणली. चारही कुणाच्या तरी म्हशीची, फार तर दहा वर्षांची जुनी. तोच हसला आणि म्हणाला, ‘वास बघितला नाही, मॅडम.’

पाचव्या दिवशी त्याने मुलाकरवी निरोप पाठवला. मी गेले तेव्हा यंत्र थांबलेले होते. काठात त्याने एक तुरीची काडी रोवली होती आणि तिच्याखाली गोट्यांच्या थरात हाडाचे तपकिरी टोक दिसत होते. त्याने त्याला हात लावला नव्हता. ‘पट्टी आणा,’ एवढेच तो म्हणाला. अर्धा तास मोजमाप चालले. हाड काढताना त्याचे दोन तुकडे झाले, पण त्याची जागा, खोली आणि थर कागदावर आले. एरवी त्या अर्ध्या तासात यंत्राने तो सबंध काठ उचलून ट्रॅक्टरमध्ये टाकला असता. ज्या यंत्राने थर नाहीसे होतात, त्याच यंत्राने ते प्रथम उघडेही होतात. मधल्या वेळात तिथे पाहणारे कुणी असले पाहिजे.

हा छंद जगभर आहे. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यातल्या नद्यांच्या उथळ पात्रात उतरून हजारो हौशी लोक शार्क, हत्ती, घोडे यांचे काळे-तपकिरी दात शोधतात. तिथल्या कायद्याने शार्कचे दात सोडून इतर पृष्ठवंशी प्राण्यांचे जीवाश्म सरकारी जमिनीतून किंवा नदीतळातून घ्यायचे तर परवाना काढावा लागतो, आणि परवानाधारकाने काय सापडले व कुठे सापडले ते राज्याच्या संग्रहालयाला कळवायचे असते. छंद बंद केलेला नाही. त्याला वही जोडली आहे. आपल्याकडे ही वही कुणी हाती दिलेली नसली, तरी ती आपली आपण घालता येते. पुण्याचे डेक्कन कॉलेज, नागपूरचे भूवैज्ञानिक सर्वेक्षण कार्यालय किंवा जवळच्या महाविद्यालयाचा भूशास्त्र विभाग यांना छायाचित्र आणि जागेची नोंद पाठवणे मोबाइलच्या काळात अवघड राहिलेले नाही.

आपल्यापैकी अनेक जण शेती, नोकरी, संसार सांभाळून शिकत आहेत. ज्ञान दूर कुठेतरी तयार होते आणि आपल्यापर्यंत पुस्तकातून येते, असे अशा वेळी वाटणे स्वाभाविक आहे. पण ओढ्याच्या काठाबाबत स्थिती उलटी आहे. शहरातला तज्ज्ञ वर्षातून एकदा येईल. दरड पावसाने कोणत्या रात्री सुटली, विहिरीला कोणता थर कितव्या परसावर लागला, यंत्र कोणत्या सकाळी कुठे लागणार आहे, हे गावात राहणाऱ्याला ठाऊक असते. त्याच्या नोंदीशिवाय तज्ज्ञाच्या हाती फक्त एक सुंदर रंगाचा तुकडा पडतो.

खोलीकरणानंतरच्या पावसाळ्यात भावाच्या विहिरीला फेब्रुवारीपर्यंत पाणी राहिले. त्याने पुन्हा मोसंबी लावली आहे. झाडे अजून कमरेएवढी आहेत. शाळेत आता आमची एक नोंदवही आहे. चौथीची मुले ओढ्यातून काही आणतात तेव्हा वर्गात पहिला प्रश्न ‘कुठे मिळाले?’ हा होतो, आणि तो मी विचारण्याआधी मुलेच एकमेकांना विचारतात. बहुतेक नोंदी गारगोट्यांच्या आहेत, तीन म्हशीच्या हाडांच्या, एक शंखाची. गेल्या आठवड्यातली नोंद एका मुलीची आहे: खडा, लाल, पट्टे पांढरे, मारुतीच्या देवळामागचा नाला, पुलापासून चाळीस पावले, पिवळ्या मातीत.